आचारी व्हायला शाळा लागते का?



गेल्या जून महिन्यातील गोष्ट. बारावीचे निकाल लागून गेले होते आणि कॉलेजात प्रवेशासाठी येणाऱ्यांची गर्दी चालू होती. अशा वेळी माझ्या ओळखीचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. खुर्चीवर टेकले न टेकले तोच म्हणाले, "सर, ह्याला तुम्हीच काय ते सांगा. म्हणतोय, मला स्वयंपाक शिकायचाय. शहरातल्या एका कॉलेजात चौकशी केली, तर तीन वर्षांचे साडेचार लाख सांगतायत. आता आमच्या घरात स्वयंपाक कुणाला येत नाही? त्याला साडेचार लाख कशाला? पण पोरगं हट्टाला पेटलंय. तवा ओढ्याकडचा अर्धा एकर विकू का नको, एवढंच सांगा."

मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याला बोलते केले, तेव्हा म्हणाला, "सर, मी मामांच्या हाताखाली दोन लग्नसराया केल्यात. पाचशे पानांचा मसालेभात एकट्यानं उतरवलाय. पण मोठ्या हॉटेलात काम मागायला गेलो, तर त्यांनी पहिलं विचारलं, सर्टिफिकेट काय आहे? मग मी काय दाखवणार?"

आता पाहा, दोघांचेही म्हणणे खरे होते. स्वयंपाक हा घरोघर चालणारा व्यवहार. त्याला शाळा कशाला, हा बापाचा प्रश्न. आणि हाताला चव असूनही दार उघडत नाही, ही मुलाची अडचण. यापुढे असे प्रश्न खेड्यापाड्यांतील पालकांना आणि शिक्षकांना वारंवार पडणार आहेत. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, शिक्षण आणि शाळा हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण ते एक नव्हेत. आपल्याकडचा आचारी शाळेत गेला नसेल. पण तो शिकल्यावाचून आचारी झाला, असे मात्र कोणी म्हणू नये. आचाऱ्याच्या टोळीत पोरगा शिरतो तो कांदे सोलायला. वर्षभर कांदे, लसूण, बटाटे आणि भांडी. पुढे मसाला वाटणे. मग केव्हातरी झारा हातात येतो, पण तोही पुऱ्या तळण्यापुरता. फोडणी देण्याचा मान मिळायला चार-पाच वर्षे जातात. आणि वरपित्याच्या ओसरीवर बसून "पाचशे पानांना तांदूळ इतके, डाळ इतकी, तेल इतके" अशी किराण्याची यादी सांगण्याचा अधिकार येईपर्यंत मिसरूड जाऊन मिश्या पिकू लागतात. ही काय शाळा नव्हे? तिला इमारत नाही आणि दाखला नाही, एवढेच.

गोव्याच्या लोकांचे उदाहरण घ्या. ब्रिटिश बोटींच्या काळात गोव्यातले हजारो लोक जहाजांवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गेले. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला त्यांच्या गावागावांचे 'कूड' असत. बोट मिळेपर्यंत माणसाने तेथे राहावे, गाववाल्यांकडून कामाची माहिती घ्यावी आणि बोटीवर चढल्यावर जुन्या माणसाच्या हाताखाली शिकावे, अशी ती रीत होती. किंवा कमलाबाई ओगले यांचे नाव घ्या. सांगली जिल्ह्यातील कुंडल गावी त्यांचा जन्म झाला. शाळेतले शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या सासूबाईंच्या हाताखाली. पण १९७० साली त्यांचे 'रुचिरा' हे पुस्तक निघाले आणि मराठी घरांत पोचले. पुस्तक चालले याचे एक कारण असे की, त्यात वाटी आणि चमचा यांचे माप दिलेले होते. 'अंदाजाने मीठ घालावे' हे ज्याला येते त्याला पुस्तक लागत नाही. ज्याला येत नाही त्याला त्या वाक्याचा उपयोग नाही. कमलाबाईंनी अंदाजाचे माप केले. हातातली विद्या दुसऱ्याला देता येईल अशा रूपात मांडणे, हेच तर शिक्षणाचे काम.

तेव्हा शाळेवाचून उत्तम स्वयंपाकी होता येते, यात शंका नाही. मग अडते कोठे? माझ्या मते तीन ठिकाणी अडते. घरची चूल चव शिकवते. पण या तीन गोष्टी ती शिकवत नाही. आणि गंमत अशी की, या तीनही गोष्टींचा चवीशी फारसा संबंध नाही.

पहिली गोष्ट म्हणजे प्रमाण. पाच माणसांचा भात करणारीला पाचशेंचा भात सांगितला तर ती म्हणेल, सगळे शंभरपट घेऊ. पण तसे होत नाही. गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर करून दाखवावे असे हे उदाहरण आहे. एका पातेल्याची रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केली, तर त्यात माल मावतो आठपट. पण ज्या तोंडातून वाफ जाते, त्याचे क्षेत्रफळ होते चौपटच. म्हणजे मालाच्या मानाने वाफ कमी उडते. घरच्याच हिशेबाने पाणी ओतले तर मोठ्या पातेल्यातला भात गिचका होणार. जुन्या आचाऱ्याला हे सूत्र कोणी सांगितलेले नसते, पण तो पाणी घालताना हात राखतो. त्याने दोन-चार पातेली बिघडवून, मालकाच्या शिव्या खाऊन ते गणित सोडवलेले असते.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. आणि ही जिवाशी गाठ आहे. ज्या गणिताने मोठ्या पातेल्यातून वाफ कमी उडते, त्याच गणिताने ते निवायलाही फार वेळ घेते. घरचा भात तासाभरात निवतो. लग्नाच्या पातेल्यातला भात वरून गार दिसला, तरी पोटात कितीतरी तास कोमट राहतो. आता तांदळात एका जातीच्या जिवाणूंची बीजे असतात. ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती वाढीला लागतात आणि विष तयार होते. त्यातले एक विष असे चिवट आहे की, भात पुन्हा कढत केला तरी ते जात नाही. "गरम करून वाढला, मग बाधला कसा?" असे आपण म्हणतो त्याचे एक उत्तर हे आहे. म्हणून शिकलेला स्वयंपाकी गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवतो आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. उरलेला भात पातेल्यात न ठेवता परातींत पातळ पसरून लवकर निववतो आणि मग थंडाव्यात ठेवतो. हे कळायला पदवी लागत नाही. एका दुपारचा धडा पुरे. पण तो धडा कोणीतरी द्यावा लागतो. तो चवीतून कळत नाही.

शिक्षक श्रोत्यांना एक आठवण करून देतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन या गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक मिसळलेले होते. त्या स्वयंपाकात हाताला चव होती की नव्हती, हा प्रश्नच तेथे उरला नाही. तेल कोठे ठेवायचे, औषधाचा डबा कोठे ठेवायचा, वास आला तर चूल बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे ठरलेले असणे, हेच स्वयंपाकघराचे खरे शिक्षण. आपल्या शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या भगिनी असतात आणि मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने तो चाखून पाहायचा असतो. हा नियम रजिस्टरवर सही करण्यापुरता नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. मी स्वतः शिकत असताना दोन वर्षे एका खानावळीत जेवलो. मावशींच्या हातची आमटी मी अजून विसरलो नाही. आम्ही वीस-पंचवीस पोरे होतो. कोण किती दिवस जेवला याच्या खुणा मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करीत. महिना संपला की पान उलटे आणि पुष्कळांची उधारीही त्याबरोबर उलटून जाई. त्यात काही महिने माझेही होते; ते मी पुढे नोकरी लागल्यावर द्यायला गेलो, तेव्हा खानावळ बंद झालेली होती. चव कमी पडली म्हणून ती बंद पडली नाही. वही नव्हती म्हणून बंद पडली.

आजही पुष्कळ बायाबापड्यांचा धंदा येथेच बुडतो. समजा, एक थाळी ८० रुपयांना विकली. तीत तांदूळ, पीठ, भाजी, तेल मिळून ४५ रुपये गेले. गॅसचे ८. मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी १५. जागेचे भाडे आणि वीज ८. झाले ७६ रुपये. उरले चार. आणि जी बाई पहाटे पाचपासून राबते तिची स्वतःची मजुरी यात अजून धरलेलीच नाही! वर मेथीची जुडी निवडली की निम्मी होते, सोललेला कांदा वजनाला कमी भरतो, शेवटच्या चार थाळ्या कधी उरतात. हे सारे ज्याने मांडले नाही, तो गिऱ्हाइकांची रीघ लागूनही कर्जात जातो.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या अशाच खानावळवाल्या बायका होत्या. त्यांच्या हाताला चव होतीच. नव्हते ते भांडवल. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत मिळकत जात असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकांची कर्जे त्यांच्यापर्यंत पोचवली. या कामाबद्दल पुढे २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मंडळाने त्या बायकांना स्वयंपाक शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना बँकेचे दार दाखवण्याची गरज होती, आणि मंडळाने ते दाखवले.

आता शाळेकडे वळू. स्वयंपाकाच्या पद्धतशीर शिक्षणाचे काम आपल्याकडे नवे नाही. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत या विषयाची संस्था निघाली. देशातली ती या प्रकारची पहिली. आज अशा संस्था राज्याराज्यांत आहेत. पदवीचा अभ्यास साधारण तीन वर्षांचा. सरकारी संस्थांत जायचे तर बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. पण पदवी हाच एक रस्ता आहे असे समजू नये. दहावी झालेल्यासाठी आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन' नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याची फी खासगी कॉलेजच्या मानाने किती तरी कमी. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा आहे. त्याखाली हॉटेलांत विद्यावेतन घेऊन शिकता येते. म्हणजे फी भरण्याऐवजी उलट हातात दोन पैसे पडतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे पण कागद नाही, अशांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारच्या कौशल्य योजनांत झालेली आहे. चाळीस वर्षे रांधलेल्या बाईला अर्जातल्या 'अनुभव' या रकान्यात 'नाही' असे लिहावे लागते, ही आपल्या समाजातली मोठी गंमत आहे. तिला ही वाट ठाऊक असावी.

मग कागद कोठे लागतो आणि कोठे लागत नाही? स्वतःची खानावळ, पोळीभाजी केंद्र, डबे, नाश्त्याची गाडी, लग्नाची कामे, यांना स्वयंपाकाची पदवी कोणी मागत नाही. कायदा मागतो ती नोंदणी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे. त्याप्रमाणे घरातून डबे विकणाऱ्यालाही नोंदणी आणि मोठा व्यवसाय असेल तर परवाना लागतो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. घरगुती गॅसची टाकी धंद्याला वापरता येत नाही. हे न पाळता सुरुवात केली तर हाताला कितीही चव असो, एक दिवस दंड भरण्याची पाळी येते.

मोठ्या हॉटेलात मात्र कागद पाहतात. सरकारी जागांना पाहतात. परदेशी जाणाऱ्याला तो पदोपदी लागतो. आणि बोटीचे तर आता सारेच बदलले. सागरी कामगारांचा एक आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या जहाजावर रीतसर पात्र ठरलेला स्वयंपाकी असावाच लागतो. ज्या बोटींवर एके काळी गोव्याचा पोरगा गाववाल्याचे बोट धरून चढत असे, तेथे आज दाखला दाखवल्यावाचून भटारखान्याचा मुख्य होता येत नाही. काळाप्रमाणे दार बदलले. आतले काम तेच आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, "शिक्षण घ्यावे की नाही?" हा प्रश्नच चुकीचा आहे. शिक्षण घ्यावेच लागते. विचारायचे ते असे: जायचे कोठे आहे, आणि त्या दाराला कोणता कागद लागतो? आपल्याला प्रमाण, स्वच्छता आणि हिशेब यांतले काय येत नाही? आणि ते सर्वांत कमी पैशात कोठे शिकता येईल? ज्याला गावात खानावळ काढायची आहे, त्याने साडेचार लाख कॉलेजात घालण्यापेक्षा वर्षभर चांगल्या आचाऱ्याकडे राबावे आणि राहिलेले पैसे भांड्यांत आणि जागेत घालावेत. ज्याला मोठ्या हॉटेलात वर चढायचे आहे किंवा समुद्रावर जायचे आहे, त्याने कागद मिळवावा. त्याला पर्याय नाही. पण फी भरण्यापूर्वी त्या कॉलेजात जाऊन चार गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. मान्यता कोणाची आहे? आठवड्यात भटारखान्यात किती तास उभे करतात? प्रत्येक मुलाला स्वतःची शेगडी मिळते की दहा जणांत एक? आणि मागील वर्षीची मुले आज कोठे काम करीत आहेत? रंगीत पुस्तिकेतील पांढऱ्या उंच टोपीच्या चित्रावरून यांतले काही कळत नाही. मागील वर्षीच्या दोन मुलांना गाठून विचारले की सारे कळते.

आणखी एक गोष्ट. ज्याने अजून झारा धरलेला नाही, त्याने आधी एक लग्नसराई करून पाहावी. मेमधल्या उन्हात भट्टीपुढे सहा तास उभे राहून, सर्वांची पंगत उठल्यावर शेवटी जेवूनही ज्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटते, त्यालाच हा धंदा मानवतो. ही परीक्षा फुकट आहे आणि ती जमीन विकण्यापूर्वी देता येते.

तात्यांच्या मुलाने ही परीक्षा आधीच दिलेली होती. आम्ही तिघांनी बसून हे सारे मांडले. त्याला हॉटेलातच जायचे होते, म्हणजे कागद हवा होता. पण तो साडेचार लाखांचाच हवा असे नव्हते. त्याने आयटीआयत प्रवेश घेतला. पुढे एखाद्या हॉटेलात शिकाऊ म्हणून राहावे, असा त्याचा बेत आहे. परवा त्याचा फोन आला होता. मी विचारले, "काय रे, पाचशे पानांचा भात करणाऱ्याला तिथं नवीन काय शिकवतात?"

म्हणाला, "सर, पाचशे पानांचा भात एकदा चांगला करणं मला येत होतं. चार माणसांचा भात रोज तसाच्या तसा करणं येत नव्हतं. आता वजन करून लिहून ठेवतो. आणि मामांनाही वही घालायला लावलीय."

ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात तात्यांनी यंदा तूर घातली आहे.